लपवलेले पंप

डॉक्टर संघप्रिया हिवराळे वडखारच्या शाळेत पहिल्यांदा आल्या तेव्हा पोरांना वाटलं, बाई इंजेक्शन द्यायला आल्यात. अर्धी पोरं मागच्या भिंतीवरून पळाली. उरलेल्यांत नऊ वर्षांची स्नेहल पाटील होती. बाईंनी तिच्या हातात प्लास्टिकची एक नळी दिली. नळीवर आकडे होते आणि एक लाल काटा.

"खोल श्वास घे आणि एका दमात जोरात फुंक."

स्नेहलनं फुंकलं. काटा थोडासा सरकला आणि थांबला. तिच्या वयाच्या मुलीचा जिथं जायला हवा, त्याच्या बराच अलीकडे.

"किती मार्क पडले?" स्नेहलनं विचारलं.

"याला मार्क नसतात गं."

"मग परत फुंकते," ती म्हणाली, आणि तोंड लाल होईपर्यंत आणखी चार वेळा फुंकली.

हे दोन हजार आठ साल. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीच्या अंगाला वडखार आणि आणखी तीन गावं आहेत. तिथल्या सहाशे मुलांची फुप्फुसं दर सहा महिन्यांनी मोजायची, तीही ती मुलं मोठी होईपर्यंत, असं काम बाईंनी अंगावर घेतलं होतं. कुणाचा दमा वयाबरोबर मागे पडतो, कुणाचा बळावतो, हवेचा त्यात वाटा किती आणि घराचा किती, हे त्यांना शोधायचं होतं. खारघरच्या संशोधन केंद्रातल्या त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. प्रयोगशाळेत बसून वर्षाला दोन निबंध छापून येतात, आणि ही बाई वीस वर्षं गावोगाव फिरून पोरांच्या फुंकरा मोजणार! पण बाई हटल्या नाहीत. कुणी फारच विचारलं तर म्हणायच्या, "दमा काही एका दिवसाचा आजार नाही. त्याच्याबरोबर राहिल्याशिवाय तो कळत नाही."

त्या स्वतः दम्याबरोबर किती वर्षं राहत होत्या, हे मात्र त्या कुणाला सांगत नसत.

संघप्रियाचा जन्म तुर्भ्याच्या डोंगराखालच्या वस्तीतला. वडील भगवान हिवराळे जालन्याकडून दुष्काळात निघाले आणि इथल्या दगडखाणीवर कामाला लागले. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांपासून चपलेपर्यंत पांढरे झालेले असायचे. धाकट्या संघप्रियाला आठव्या वर्षी पहिला झटका आला. आई बायजाबाईनं तिला उशी मांडीवर देऊन पुढं वाकवून बसवलं, पाठ चोळत राहिली, आणि लेकीच्या प्रत्येक श्वासाबरोबर आपलाही श्वास ओढत राहिली. तेव्हापासून दर झटक्याला हेच ठरून गेलं. गोळ्या, काढे, वाफारे, सगळं झालं. शाळा बुडायची, पण पोरगी पहिल्या तिनात असायची. पुढं मेडिकलला गेल्यावर तिथल्या एका प्राध्यापकांनी तिच्या हातात पंप दिला आणि तो कसा ओढायचा ते शिकवलं. महिनाभरानं ती जिना न थांबता चढली. ते तिला इतकं नवलाचं वाटलं, की ती खाली जाऊन पुन्हा एकदा वर आली. छातीच्या आजारांचं शिक्षण घ्यायचं तिनं त्याच आठवड्यात ठरवलं.

लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा बायजाबाईनं तिला बाजूला घेतलं.

"पंपाचं काई बोलू नको माय. एकदा लगीन पार पडू दे, मंग सांग."

"आई, मी डॉक्टर आहे. मीच लपवू?"

"डॉक्टर हायेस ते लोकाला दिसंल. पर दमेकरी म्हनले की सगळं पुसलं जातंय."

संघप्रियानं आईचं ऐकलं. नवरा अभय बँकेत होता, सरळ माणूस. तिसऱ्या महिन्यात त्याला तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात पंप सापडला. "मला आधी सांगायला काय झालं होतं?" एवढंच तो म्हणाला. पुढं औषधाच्या दुकानातून तिचा पंप तोच आणू लागला. पण लपवायची सवय तिच्या हाडात भिनली होती, ती काही सुटली नाही. केंद्रात ती पंप घ्यायची ती बाथरूममध्ये. गावात फिरताना जीपच्या पलीकडे जाऊन. दम्याच्या डॉक्टरलाच दमा आहे म्हटल्यावर लोक आपलं ऐकतील का, असं ती स्वतःला समजवायची, आणि ते कारण तिला पुरेसं वाटायचं.

वर्षं गेली. सहाशेतली काही मुलं पांगली, चारशेच्या वर टिकली. स्नेहल दर खेपेला पहिली हजर असायची. तिचा दमा चांगलाच तीव्र होता, पण बाईंनी तिला रोजचा पंप सुरू करून दिला आणि ती तो नेमानं घ्यायची. पंप दोन असतात. निळा झटका आला की घ्यायचा, त्यानं मिनिटांत मोकळं वाटतं. दुसरा रोजचा. त्यानं लगेच काही जाणवत नाही, पण श्वासनळ्यांची आतली सूज तोच दाबून ठेवतो. तो सोडला की माणूस निळ्याच्या आधारावर दिवस काढतो, आणि एक दिवस निळाही पुरत नाही. स्नेहलला हे तोंडपाठ होतं. दहावीत असताना ती लहान मुलांना रांगेत बसवून तेच समजवायची. बाईंना वाटायचं, या पोरीला पुढं आपल्याच कामावर घ्यावं.

स्नेहलचे वडील कमळाकर पाटील गावच्या धूरविरोधी समितीचे अध्यक्ष होते. शेती वसाहतीत गेली, त्यानंतर त्यांनी चाळी बांधून भाड्यानं दिल्या होत्या. माणूस तापट, पण शब्दाचा पक्का. बाईंना गावात पहिली जागा त्यांनीच दिली, समाजमंदिराची खोली. "तुमी मोजा बाई," ते म्हणायचे. "एक दिवस तुमचे आकरे घेऊनच आमी सरकारकरं जाऊ."

दोन हजार बावीसच्या मे महिन्यात स्नेहलचं लग्न झालं, उरणला. बाई लग्नाला गेल्या, जेवल्या. पुढच्या जानेवारीत ती हळदीकुंकवाला माहेरी आली. तिसऱ्या दिवशी पहाटे हवेत आंबूस, घसा ओरबाडणारा वास दाटला होता. स्नेहल खोकत उठली. निळा पंप घेतला, पुन्हा घेतला. रूपेशनं, तिच्या भावानं, गाडी काढली. कळंबोलीच्या अलीकडेच तिची मान आईच्या खांद्यावर पडली. तेवीस वर्षांची होती.

अंत्यविधीहून परतल्यावर कमळाकर बाईंना म्हणाले, "बगितलात ना धूर? आता लिवा. माज्या पोरीला धुरानं मारली म्हनून लिवा."

तोवर बाईंच्या नोंदीतली दहा माणसं दम्यानं गेली होती. काही अभ्यासातली मुलं, काही त्यांच्या घरातली मोठी माणसं. स्नेहल अकरावी. बाईंनी ठरवलं, प्रत्येकाच्या घरी जायचं, शेवटच्या वर्षात काय काय झालं ते बारकाईनं विचारायचं आणि लिहायचं. अकरा घरं फिरायला त्यांना चार महिने लागले. स्नेहलचं सासर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. जायला मन होत नव्हतं.

उरणच्या घरी सासू सुंदराबाई एकट्याच होत्या. त्यांनी पाणी दिलं आणि काही न विचारता आतून एक पिशवी आणली.

"कपाट आवरताना सापरली. साड्यांच्या खाली होती."

पिशवीत निळे पंप होते. नऊ. सगळे रिकामे. रोजचा पंप एकही नव्हता.

"तिला दमा हाय हे आमाला कोनी बोललंच नाय," सुंदराबाई म्हणाल्या. "कधी धाप लागली तर बोलायची, सरदी झाली. बाई, माजा सक्खा भाव पंप घेतो. आमच्या घरात कोन काय बोललं असतं? सांगा ना, कोन बोललं असतं?"

बाईंनी एकच विचारलं, लपव म्हणून तिला कुणी सांगितलं होतं का. सुंदराबाईंनी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, तिच्या मैत्रिणीनं मला नंतर सांगितलं. लग्नाच्या आदल्या दिवशी स्नेहलच्या बाबांनी रोजच्या पंपाचा खोका बॅगेतून काढून ठेवला होता. 'नव्या घरात पयल्या दिवसापासून पंप नको, लोकं नावं ठेवतील,' असं म्हणाले होते.

परतीच्या वाटेवर बाईंनी गाडी थांबवायला सांगितली आणि कंटेनरच्या यार्डाबाहेर नुसत्याच उभ्या राहिल्या. अकरापैकी नऊ जणांनी रोजचा पंप सोडलेला होता. त्यातल्या सहा बाया. कुणी सासरी लपवलेला, कुणी कामाच्या ठिकाणी, कुणाला शेजारणीनं सांगितलं होतं की सवय लागते. धुराचा आकडाही त्यांच्याजवळ होता. वास दाटलेल्या दिवसांत झटके जवळपास दुपटीनं वाढत होते, यात शंकाच नव्हती. पण झटका आणि मरण यांच्या मध्ये एक पंप होता, आणि तो कपाटात किंवा माहेरी राहिला होता.

त्याच वर्षी एका रासायनिक कारखान्याच्या विस्ताराची जनसुनावणी लागली. समितीनं बाईंना बोलावलं होतं. आदल्या आठवड्यात कमळाकर अहवाल वाचायला केंद्रात आले. नावं कुणाचीच नव्हती, अकरा जणांना नुसते क्रमांक होते. कमळाकर क्रमांक अकराच्या पानावर थांबले. मान वर न करता म्हणाले, "हे पंपाचं पान काढून टाका."

"कमळाकरभाऊ, ते खरं आहे."

"खरं हाय म्हनून तर बोलतो. त्यांचा वकील हेच पान उचलील."

बाईंचा मदतनीस शौनकही नंतर तेच म्हणाला. धुराचं प्रकरण वेगळं सादर करू, मृत्यूंचं पुढच्या वर्षी. यात खोटं काहीच नाही. बाईंना ते पटायला आलं होतं. पण त्यांच्या यादीत लग्नाच्या वयाच्या अठ्ठावन्न मुली होत्या. ते पान वर्षभर दाबून ठेवलं, तर त्यातल्या किती जणींचे पंप साड्यांखाली जातील? पान तसंच राहिलं.

सुनावणीत व्हायचं तेच झालं. धुराचे आकडे बाईंनी नीट मांडले. मग कारखान्याचा वकील उठला.

"मॅडम, या नऊ जणांनी रोजचा पंप घेतला असता, तर ते वाचले असते?"

"बहुतेक वाचले असते. पण—"

"धन्यवाद. माझा प्रश्न संपला."

"माझं उत्तर संपलेलं नाही," बाई म्हणाल्या. पण पुढचं नाव पुकारलं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी एका पेपरात मथळा आला, मृत्यूंना धूर नव्हे, औषधातली हयगय जबाबदार.

समाजमंदिराच्या खोलीला कुलूप लागलं. पंधरा वर्षं ज्या घरांत चहा न पिता बाहेर पडता येत नव्हतं, तिथून आतूनच आवाज यायचा, "कोनी नाय घरात." एकानं तोंडावर विचारलं, कारखान्याकडून किती पेट्या मिळाल्या? बाईंनी ऐकून घेतलं. घरी आल्यावर त्या अभयला म्हणाल्या, "मी खरं बोलले, आणि ते अर्धंच पोचलं. याचं काय करायचं?" अभय म्हणाला, "उरलेलं अर्धं पोचवायचं." दुसरं काय करणार होता तो!

तीन आठवड्यांनी बाई एकट्याच कमळाकरांच्या घरी गेल्या. ते बाहेर गेले होते. दार विमलबाईंनी उघडलं, स्नेहलच्या आईनं. ये म्हणाल्या नाहीत, पण दारातून हलल्याही नाहीत.

"तुमी लिवलात की पोरीचीच चूक."

"नाही, विमलबाई. तिची चूक नव्हती. तिला लाज वाटायला लावली, ती चूक."

"लाज काय आसते ते तुमाला काय ठावं? तुमी मोठ्या डॉक्टर. दमेकरी पोरीची आई कसली जिंदगी काढते, तुमाला काय ठावं?"

चालून आल्यामुळे की बोलण्यामुळे, बाईंची छाती भरून आली होती. एरवी त्या जीपकडे गेल्या असत्या. या खेपेला त्यांनी तिथंच, उंबऱ्याशी उभं राहून पर्स उघडली, निळा पंप काढला आणि दोनदा ओढला. मग रोजचाही काढून दाखवला.

विमलबाई बघत राहिल्या. "तुमाला?"

"आठव्या वर्षापासून. माझ्या आईनंही मला लपवायला लावलं होतं."

"आनी आमच्या स्नेहलला हे ठावं होतं?"

बाईंना वाटलं, खोटं बोलावं. "नाही," त्या म्हणाल्या. "चौदा वर्षांत मी तिला एकदाही सांगितलं नाही."

विमलबाईंनी दार लावून घेतलं नाही. त्या तिथंच खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. बाईही शेजारी बसल्या. खूप वेळानं विमलबाई म्हणाल्या, "ती तुमाला देव मानायची हो. तुमी घेता हे तिला कललं असतं ना, तर बापाच्या हातातून खोका हिसकून नेला असता तिनं."

हे वाक्य बाईंनी कुणापुढे बोलून दाखवलं नाही, पण पुढं कित्येक दिवस त्या जेवायला बसल्या की अभयला त्यांचा हात ताटाशी थांबलेला दिसायचा.

दुसऱ्या महिन्यात विमलबाईच त्यांना घेऊन घरोघर निघाल्या. ज्यांनी बाईंना दारातून परतवलं होतं, त्यांना विमलबाईंपुढे 'घरात कोनी नाय' म्हणता येईना. बाई प्रत्येक ओसरीवर आधी स्वतःचा पंप काढायच्या, घ्यायच्या, मग बोलायला लागायच्या. चाळीतल्या भाडेकरू बाया, खारघरच्या सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या, उरणहून माहेरी आलेल्या लेकी, एकेक करून मागच्या खोलीतून आपापले पंप घेऊन येऊ लागल्या. एकीनं तो पिठाच्या डब्यात ठेवला होता, एकीनं देव्हाऱ्यामागे. रिकाम्या पाण्याच्या बाटलीला भोक पाडून लहान मुलांना पंप कसा द्यायचा, हे शिकवायला बाईंना वर्ग घ्यावा लागला नाही, विमलबाईंनीच ते सगळ्यांना दाखवलं.

गणपती संपल्यावर कमळाकर केंद्रात आले. आधी फोन केला नव्हता. खुर्चीवर बसले नाहीत.

"त्या कागदावर माजं नाव हाय का?"

"नाही. कुणाचंच नाही. नाव लिहायचंच नसतं."

"खोका बॅगेतून मी कारला होता." ते भिंतीकडे बघून बोलत होते. "तिच्या मायनं कागदात गुंडालून भरला होता. मी कारला. ती काय बोलली नाय. माज्याकरं बगितलं फकत."

बाईंनी समोरची वही मिटली.

"तुमच्या पुस्तकात नाव चालत नसंल तर नसंल. पुढच्या सुनावनीला मना बोलायचं हाय. धूर बी सांगीन आनी खोका बी सांगीन. मंग बगू वकील काय इचारतो."

पुढची सुनावणी दहा महिन्यांनी झाली. तोवर बाईंनी चाळीस घरांत हवा मोजणारी लहान यंत्रं बसवली आणि कुठल्या दिवशी धूर किती आणि झटके किती, हे तासातासाच्या हिशेबानं मांडलं. कमळाकर पाटील त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून आले. चार मिनिटं बोलले. आपल्या हातानं काय केलं ते आधी सांगितलं, आणि मग अधिकाऱ्यांना म्हणाले, "माजा गुन्हा मी कबूल केला. आता धुराचा कोन कबूल करतो ते बगायचं हाय." वकील उठला नाही. विस्ताराचा निर्णय अजून लागलेला नाही. प्रकरण वरच्या कचेरीत आहे, असं कळतं.

कमळाकर बाईंशी पहिल्यासारखे बोलत नाहीत. भेटले की हात जोडतात आणि बाजूला होतात. विमलबाई सांगतात की घरातही ते तसेच झालेत.

त्या अठ्ठावन्न मुलींपैकी एकोणीस जणींची लग्नं या दोन-अडीच वर्षांत झाली. दम्यानं त्या चार गावांत या काळात दोन माणसं गेली. एक म्हातारे गृहस्थ, आणि एक बत्तीस वर्षांची बाई, जिनं कुणाचंच ऐकलं नव्हतं. तिच्याही घरी बाई वही घेऊन गेल्या. बारावा क्रमांक, तेरावा क्रमांक. केंद्रातून निवृत्तीला त्यांची काही वर्षं उरलीत. शौनकला त्यांनी सांगून ठेवलंय की अभ्यास थांबवायचा नाही. दोन हजार आठची ती मुलं आता स्वतः आईबाप झालीत, त्यांची मुलं मोजायची आहेत.

परवा वडखारला अक्षता म्हात्रेची बोलणी होती. ही अभ्यासातली सगळ्यात धाकटी मुलगी. मुलाकडची सात-आठ माणसं पनवेलहून आली होती. विमलबाईंना मुलीच्या आईनं मुद्दाम बोलावलं होतं, आणि विमलबाईंनी बाईंना. पोहे आले, सरबत आलं. मानपानाचं कुणीतरी काढणार, तेवढ्यात विमलबाईंनी पदर सावरला.

"आधी एक ऐका. पोरीला दमा हाय. रोज सकाळ-संध्याकाळ पंप घेते, आनी घेनार. तुमच्याकरं बी सगल्यांच्या समोर घेनार. पटत असंल तर बसा, नायतर पोहे खाऊन सुखानं जा."

अक्षताची आई जमिनीकडे बघत होती. बाईंनी पर्सवर हात ठेवला होता, गरज पडली तर उघडायला. मुलाच्या आत्यानं शेजारच्या बाईकडे पाहिलं, मग मुलाकडे. मुलगा अक्षताकडे बघत होता.

"सकाळी किती वाजता घेते?" त्यानं विचारलं.

"सातला," अक्षता म्हणाली. "ब्रश करायच्या आधी."